पांघरुणाखालची बोटं

गेल्या आठवड्यात पेठहून नाशिकला येणाऱ्या एस.टी.त माझ्या शेजारी एक बाई तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी गाढ झोपलेली, पाय माझ्याकडे. घाट संपेपर्यंत मी त्या पायांकडे बघत होते. शेवटी बस एका खड्ड्यातून गेली, मुलीने झोपेतच अंगठा आखडला, आणि मग कुठे मी खिडकीबाहेर बघितलं. बाईला वाटलं असावं, ही म्हातारी पोरीच्या पैंजणांवर डोळा ठेवून आहे. तिने हळूच ते पाय पदराखाली घेतले.

मी चोर नाही. सदतीस वर्षं नर्स होते. त्यातली शेवटची एकवीस वर्षं नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात, लहान मुलांच्या मणक्याच्या शस्त्रक्रिया होतात त्या वॉर्डात. निवृत्त होऊन वर्ष झालं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. त्याने मला पोटाला दिलं, पदवी घेऊ दिली, माणसांत बसवलं. माझ्या चुकीचा डाग त्याला नको.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, तुमच्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहा. तसे आहेतही. पण वही उघडली की एकच दुपार पुढे येऊन बसते आणि बाकीच्यांना जागाच देत नाही. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा उठून भांडी घासली. आता तीच दुपार लिहिते.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्याचा पुढे संबंध आहे. मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पेठच्या मुलींच्या वसतिगृहात राहून दहावी, बारावी केली. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी नर्सिंगचा फॉर्म स्वतः भरून, स्वतः नाशिकला नेऊन दिला. आधी डिप्लोमा झाला. पदवी पुढे चाळिशीत घेतली, माझा मुलगा दहावीला असताना. आम्ही दोघं एकाच टेबलावर अभ्यास करायचो. आमच्या घरातली ती पहिली पदवी, आणि आजही ती भिंतीवर देवांच्या शेजारी आहे.

वसतिगृहात आम्ही एक गोष्ट न शिकवता शिकलो होतो. मोठ्या माणसाने काही विचारलं की 'हो' म्हणायचं. जेवलात का? हो. भात संपलेला असला तरी हो. समजलं का? हो. बरं वाटतंय का? हो. 'नाही' म्हटलं की पुढे दहा प्रश्न यायचे आणि सगळी रांग आपल्याकडे बघायची. 'हो' म्हटलं की माणूस पुढे जायचा.

आता कामाबद्दल. काही मुलांच्या पाठीचा कणा वाढत्या वयात वाकत जातो. एक खांदा वर, एक खाली, पाठीवर एका बाजूला बरगड्यांचा उंचवटा. वाक फार वाढला तर फुप्फुसांना जागा उरत नाही. मग सर्जन पाठ उघडतात, मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांत धातूचे दोन दांडे अडकवतात आणि कणा जमेल तितका सरळ करतात. सहा-सात तासांचं काम. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे संपलं. सर्जनचं संपतं. आमचं तिथून सुरू होतं.

वर्षानुवर्षं वाकलेलं एका दिवसात ताणून सरळ केलेलं असतं. त्यामुळे लक्ष पाठीपेक्षा इतरत्रच जास्त ठेवावं लागतं. जखमेची पट्टी ओली झाली का? चार-पाच दिवसांनी नव्याने ताप चढला का? आत पू धरला तर तो दांड्यांपर्यंत पोचतो. मूल दुखतं म्हणून वरवर श्वास घेत असेल तर छातीत कफ धरतो. लघवीची नळी काढल्यावर लघवी होते का, पोट फुगलंय का, टाचा लाल झाल्यात का. उठून बसवलं की डोकं ठणकतं आणि आडवं केलं की थांबतं, असं असेल तर मज्जारज्जूभोवतीचं पाणी कुठेतरी झिरपत असू शकतं. आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा जास्त वेळा बघायचं ते हे, की पायांची बोटं हलतात का. कण्याबरोबर आतला मज्जारज्जूही ताणला जातो. कधी रक्त साकळून त्याच्यावर दाब येतो. टेबलावरून ठणठणीत उतरलेलं मूल दुसऱ्या दिवशीही पाय हलवेनासं होऊ शकतं. फार क्वचित होतं. पण झालं तर त्या मिनिटापासून घड्याळ सुरू होतं. लवकर कळलं तर पाय बहुधा परत येतात. उशिरा कळलं तर येतीलच असं कुणी सांगू शकत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस दर तासाला बोटं बघायची आणि तक्त्यात बरोबरची खूण करायची. काम इतकं सोपं आहे की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही जमतं.

त्या दुपारच्या आदल्या वर्षी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेले वाघ नावाचे गृहस्थ त्यांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा इतका बारीक की बरगड्या मोजाव्यात. वाघांची नोकरी कंट्रोल रूममधली, दर तासाला मीटरवरचे आकडे नोंदवायची. वॉर्डातही त्यांनी वहीत रेघा आखून मुलाची नोंद सुरू केली. आम्ही पाठीमागे त्यांना 'मीटर रीडर' म्हणायचो. चौथ्या दिवशी मुलाला उलट्या सुरू झाल्या. दुखण्याच्या औषधांनी होतं असं, म्हणून ज्युनियर डॉक्टरने औषध बदललं. वाघांनी वही पुढे केली. उलटी हिरवी, दर वेळी खाल्ल्यावर पाऊण तासात, आणि डाव्या कुशीवर झोपवलं की थांबते. आमच्या सर्जननी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ती वही दोनदा वाचली आणि लगेच तपासणीला पाठवलं. कणा एकदम सरळ झाल्यावर अशा बारीक मुलांच्या पोटात कधी कधी एका रक्तवाहिनीखाली आतडं चिमटतं. तेच झालं होतं. नाकातून नळी घातली, पोटाला आराम दिला, कूस बदलत ठेवली आणि मुलगा सुधारला.

ते घरी निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, वाघसाहेब, तुम्ही आमच्याकडेच नोकरीला या. ते हसले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही त्याला विचारायचा, मळमळतंय का. तो नाही म्हणायचा, कारण हो म्हटलं की सुई मिळायची. आमच्याकडे मीटरला विचारत नाहीत, बघतात."

हा किस्सा मी वर्षभर चहाच्या वेळी सांगत होते. सगळ्या हसायच्या. मीही.

मग काजल आली.

सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, तेरा वर्षांची, आश्रमशाळेत सातवीत. बरोबर आई हिराबाई. वडील दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला, ते फक्त रविवारी येत. मी पेठकडची आहे हे कळल्यावर हिराबाईचा चेहराच बदलला. "बाय, तुमी आपल्याकडच्या?" म्हणाली, आणि तेव्हापासून ती मला 'बाय'च म्हणू लागली. मोठे सर काही सांगू लागले की ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायची. सरही म्हणाले, भोये सिस्टर, ही पेशंट तुमची.

काजल बोलायची नाही. काहीही विचारा, मान खाली आणि 'हो'. फक्त एकदा हसली. ऑपरेशनच्या आधी तपासताना मोठ्या सरांनी किल्लीच्या बोथट टोकाने तिच्या तळपायावर रेघ ओढली, तेव्हा तिने पाय झटकन ओढला आणि तोंडावर हात धरून खुदकन हसली. सरही हसले आणि कागदावर लिहिलं, संवेदना उत्तम.

मंगळवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. बुधवार चांगला गेला. गुरुवारी सकाळी आठला मोठ्या सरांनी स्वतः पांघरूण वर केलं, काजलने दोन्ही पायांची बोटं हलवली आणि सर पुढच्या ऑपरेशनला गेले.

त्या दिवशी एक सिस्टर आली नव्हती, दोन नवे पेशंट दाखल होत होते. मी इन्चार्ज. काजलची नोंद माझ्याकडे घेतली. नऊला तिच्या पलंगाशी गेले. डिसेंबरची थंडी. हिराबाईने पांघरूण पायांखाली घट्ट खोचून ठेवलेलं. मी ते काढायला हात घातला तर काजलने वरून ते धरून ठेवलं. समोरच्या पलंगाशी दोन पुरुष नातेवाईक बसलेले. हिच्या अंगात फक्त रुग्णालयाचा गाऊन, खाली लघवीची नळी. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला वसतिगृहातली तपासणी आठवली. रांगेत उभं करायचे, आणि पुढच्या मुलीचा फ्रॉक वर केला की आपला आपोआप मुठीत धरला जायचा.

पडदा होता. त्याच्या कड्या अडकायच्या, ओढायला दोन मिनिटं जायची. मी पडदा ओढला नाही. तिच्यावर दया केली, असं मला वाटलं.

"काजल, बोटं हालतात का गं?"

"हो."

"हालतात, बाय," हिराबाईही म्हणाली.

मी खूण केली.

दहाला तेच. शेजारच्या पलंगावर मालेगावची सना होती, काजलपेक्षा वर्षभराने मोठी, ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेले, आता चालत होती. तिची आई नसीमभाभी घरी यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचं काम करायची. तिची बोटं मोकळी राहूच शकत नसत. काही नाही तर वॉर्डातल्या सगळ्यांच्या फाटक्या उशांना टाके घालायची. त्या दिवशी मालेगावात तिच्या भाचीचं लग्न होतं, जाता येणार नव्हतं, म्हणून तिने सनासाठी मेंदीचा कोन आणवला होता. मी तो पाहिला आणि रागावले. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावावा लागतो, नखांवर मेंदी नको. ती म्हणाली, नखं सोडते. मी म्हटलं, वॉर्डात मेंदीच नको, डाग पडतात. ती "बरं सिस्टर" म्हणाली आणि कोन उशीखाली ठेवला. तिला हे सगळं सांगताना माझा एक हात काजलच्या तक्त्यावर होता. मान वळवून विचारलं, हालतात ना? हो. खूण.

अकरा. बारा. चार खुणा झाल्या. चारही माझ्या अक्षरात. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.

साडेबाराला मी ड्यूटी रूममध्ये डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला आणि दारात नसीमभाभी उभी राहिली, हातात तोच कोन. मला वाटलं, कबुली द्यायला आली.

"रागवायचं ते बादमें रागवा, सिस्टर," ती म्हणाली. "पहले इधर चलो."

मी गेले. झालं होतं असं, की सनाच्या हातांवर मेंदी निघताना काजल एकटक बघत होती. तिच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्याला चिमटा. नसीमभाभी म्हणाली, हात नाही तर पाय. तिने सरळ पांघरूण गुडघ्यापर्यंत दुमडलं, अंगाआड उभं राहून समोरच्यांकडून आडोसा केला, आणि काजलच्या तळपायाला फूल काढू लागली. कोन गार होता. सनाला पायावर मेंदी काढताना ती लाथा झाडते, म्हणून नसीमभाभीने सवयीने घोटा धरून ठेवला होता. पण हा पाय जागचा हलला नाही.

"मी म्हटलं, काय गं, दगडाचे पाय आहेत का तुझे? ती हसली नुसती. मग पायाला चिमटा काढला मी. तरी हसते आहे. सिस्टर, ह्या पोरीला गुदगुल्याच होत नाहीत."

तळपायावर अर्धं फूल होतं. मी माझा तळहात त्याच्यावर टेकवला.

"काजल, दाब. माझा हात ढकल."

तिने छताकडे बघत ओठ दाबले, तिच्या गळ्याची शीर ताठ झाली. माझ्या हाताला काहीच कळलं नाही. मेंदी फक्त माझ्या तळहाताला लागली.

"दाबते ना, बाय," ती म्हणाली.

दहा मिनिटांत मोठे सर ऑपरेशन थिएटरातून हिरव्या कपड्यांतच आले. त्यांनी दोन्ही पाय तपासले. उजव्यात थोडी जाणीव, डाव्यात काही नाही. रक्तदाब कमी होता, तो वाढवायला लावला, रक्त मागवलं. मग माझ्याकडे वळले.

"हालचाल शेवटची कधी पाहिलीत?"

तक्ता माझ्या हातात होता. मी तो वाचला.

"बारा वाजता, सर."

"म्हणजे अर्धाच तास झालाय." त्यांचे खांदे जरा खाली आले. त्यांनी ज्युनियर डॉक्टरला सांगितलं, रक्तदाब चढू द्या, स्कॅनचं मशीन दोनला मोकळं होईल तेव्हा स्कॅन करू, तोवर नजर ठेवू. कदाचित तेवढ्यानेच परत येईल. आणि ते दाराकडे निघाले.

ते दारापर्यंत पोचेपर्यंत किती वेळ गेला असेल? पंधरा पावलं. मी त्या पावलांत काय काय विचार केला हे सांगायला मला लाज वाटते. नोकरीचा केला. मोठे सर माझ्याबद्दल काय म्हणतील याचा केला. बारालाही हालचाल असेलच, मुलगी 'हो' म्हणालीच होती, असाही केला. आणि मग त्या 'हो'चा विचार केला. तो मला ओळखीचा होता. वॉर्डातल्या बाकी कुणाला नसेल, मला होता. मी स्वतः तो अठरा वर्षं म्हटलेला होता.

"सर," मी म्हटलं, "आठ वाजता. तुम्ही पाहिली तीच शेवटची. नऊ ते बारा मी विचारलं. पाहिलं नाही."

ते थांबले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तक्ता माझ्या हातातून घेतला, उलटा करून पलंगावर ठेवला आणि म्हणाले, "आता मला फक्त पाहिलेलं सांगा. पट्टी? ताप? लघवी किती?" मी सांगितलं. त्यांनी तिथूनच थिएटरला फोन लावला. पुढचा पेशंट घेऊ नका, ही मुलगी खाली येते आहे. स्कॅनसाठी थांबणार नाही.

पाठ पुन्हा उघडली तेव्हा आत रक्ताची गाठ सापडली, मज्जारज्जूवर दाबून बसलेली. ती काढली. दांड्यांचा ताण थोडा कमी केला, म्हणजे जो कणा सरळ केला होता तो थोडा पुन्हा वाकू दिला.

ते सगळं चाललेलं असताना मी बाहेरच्या बाकावर हिराबाईजवळ बसले आणि तिला सांगितलं. आपल्या बोलीत सांगितलं, कारण प्रमाण भाषेत सांगितलं असतं तर मला पळवाट सापडली असती. मी म्हटलं, पांघरूण काढून बघायचं होतं, मी काढलं नाही. ती लुगड्याच्या काठाशी चाळा करू लागली.

"मीच खोचलं होतं," ती म्हणाली. "पण तुमी हायेत म्हून खोचलं. दुसरी असती तर मी उघडं ठेवलं असतं."

मी गावाकडची म्हणून ती निर्धास्त झाली, ती गावाकडची म्हणून मी निर्धास्त झाले, आणि आम्हा दोघींच्या आपलेपणाखाली त्या मुलीचे पाय गार पडत गेले. त्या दिवसापासून हिराबाई मला 'सिस्टर' म्हणू लागली. वाईट कधी बोलली नाही. फक्त 'सिस्टर'.

संध्याकाळी सहाला उजवा अंगठा हलला. मी पाहिला. माझ्या आधी नसीमभाभीने पाहिला, कारण ती खुर्ची ओढून पलंगाच्या पायथ्याशीच बसली होती. डाव्या पायाने नवव्या दिवसापर्यंत वाट बघायला लावली. पाच आठवड्यांनी काजल वॉकर धरून, डाव्या पायाला पाऊल उचलून धरणारी पट्टी बांधून घरी गेली.

मधल्या दिवसांत मी एकदा पडदा ओढून तिच्याजवळ बसले आणि विचारलं, बाळा, त्या दिवशी हालत नव्हती तर 'हो' का म्हणालीस? ती बावरली. तिला वाटलं, आता तीच चुकली.

"मी हालवत होते, बाय," ती म्हणाली. "आतून हालवत होते."

तिला पांघरुणाखालचं दिसत नव्हतं. मलाही नव्हतं. पण बघायचं काम तिचं नव्हतं.

मला मेट्रनकडून लेखी समज मिळाली. योग्यच होती. त्यानंतर आमच्या वॉर्डात 'हलतात ना?' हा प्रश्न बंद झाला. पडदा ओढायचा, पांघरूण पायथ्याकडून दुमडायचं, तळहात तळपायाला लावायचा आणि म्हणायचं, ढकल. ज्याचं उत्तर नुसतं 'हो' देता येईल असं काही विचारायचंच नाही. पडद्याच्या कड्या मी स्वतः मेण लावून सरकत्या केल्या. नव्या मुलींना शिकवताना मी माझा तो तक्ता दाखवायची, नावावर कागद चिकटवून. चार सुंदर खुणा. त्या विचारायच्या, यात चूक कुठे आहे? मी म्हणायची, दिसत नाही ना, हीच.

सना घरी गेली तेव्हा नसीमभाभीने जाता जाता टोमणा मारला, "सिस्टर, अब मेहंदी चलेगी क्या वॉर्ड में?" मी हात पुढे केला. तिने तळहातावर एक छोटं फूल काढलं, पुरं. म्हणाली, नखं सोडली आहेत बरं का.

माझ्या निरोप समारंभात ही गोष्ट सांगितली गेली. भोये सिस्टरांच्या खरेपणामुळे एका मुलीचे पाय वाचले, असं. टाळ्या झाल्या. मी शाल घेऊन खुर्चीवर बसले आणि पायात काटा मोडल्यासारखं होत राहिलं. मी एक मिनिट खरं बोलले, हे बरोबर. त्याआधी साडेचार तास होते. त्या साडेचार तासांत ती बोटं केव्हा थांबली? सव्वानऊला? साडेअकराला? डावा पाय कुठल्या खुणेला वाचला असता? हे कुणालाच सांगता येत नाही. मला येत असतं तर मी एस.टी.त लोकांच्या पोरींचे पाय बघत बसले नसते.

या जूनमध्ये, दुपारी चारच्या सुमारास, माझ्या घरी काजल आली. एकटी. एकोणीस वर्षांची, पाठ बरीच ताठ, खांद्याला पिशवी. बारावी झाली, नाशिकच्याच कॉलेजात प्रवेश घेतला, मुलींच्या वसतिगृहात राहते, हे सांगायला आली होती. हिराबाईने नागलीचे पापड पाठवले होते. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचं जिन्यावरचं पाऊल मला दार उघडायच्या आधीच ऐकू आलं होतं, एक नीट पडणारं आणि एक घासत येणारं. पण आनंदच इतका झाला की मी ते ऐकूनही सोडून दिलं. तिला बसवलं, पाणी दिलं, पदवी कशाची घेणार विचारलं. घरातली पहिलीच. माझे डोळे भरून आले.

आणि मी विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"हो," ती म्हणाली.

दोघी हसलो. मी चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघराकडे जाताना दारातून बाहेर नजर गेली. उंबऱ्याबाहेर तिने चपला काढल्या होत्या, शेजारी शेजारी, नीट. उजवी जवळजवळ नवी. डाव्या चपलेचं पुढचं टोक झिजून पार पातळ झालं होतं.

मी गॅस बंद केला. बाहेर गेले आणि ती चप्पल उचलून आत घेऊन आले. म्हातारीने हातात चप्पल घेतलेली बघून ती उठून उभी राहिली. मी तिला खाली बसवलं, समोर जमिनीवर बसले आणि चप्पल दोघींच्या मध्ये ठेवली. काही विचारलं नाही.

तिने चपलेच्या झिजलेल्या टोकावरून बोट फिरवलं. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी भाजीवाल्याला हाक मारली.

"नाय," ती म्हणाली. "मार्चपासून पाय लवकर थकतो. पट्टी लावत नाय मी, होस्टेलच्या पोरी बघतात. तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांना लावते म्हणून सांगितलं."

दांडे बसवलेल्या पाठीत कित्येक वर्षांनीही काही सैल होऊ शकतं, तुटू शकतं. नुसतीच पट्टी न लावल्याची थकावट असू शकते. बसल्या जागी ते कळत नाही. मी तिच्यादेखत मोठ्या सरांना फोन लावला, सकाळची वेळ घेतली, आणि तिला सांगितलं की दाराशी सोडून येणार नाही, आत बरोबर येणार आहे.

मग दार लावलं, पडदा ओढला. तिचा डावा पाय मांडीवर घेतला आणि तळहात तळपायाला टेकवला. तळपाय गरम होता. धुळीने काळा झालेला, जिवंत.

"ढकल," मी म्हटलं.

तिने ओठ दाबले. माझा हात थोडासा मागे गेला.

"परत," मी म्हटलं, आणि खाली बघत राहिले.